एकतीस एप्रिल

गणराजला जगात एकाच माणसाचं कौतुक सहन होत नव्हतं, आणि ते माणूस म्हणजे लाइनवर त्याच्या शेजारी उभी राहणारी पूनम.

चाकणच्या कंपनीत अकरा वर्षं पार्ट तपासून त्याचे डोळे शिणले होते. ऑफिसात संगणकावरची एक जागा निघणार, ती जावा ही संगणकाची भाषा येणाऱ्याला मिळणार, असं कळताच त्याने थेरगावात डांगे चौकाजवळ रविवारचा क्लास लावला. कॅन्टीनमध्ये त्याची फुशारकी मारली आणि तिथेच फसला. पुढच्या रविवारी पूनम पहिल्या बाकावर हजर! राजगुरुनगरहून बस बदलत यायची, आणि त्याला तीन आठवडे न कळलेलं तासाभरात गिळून मोकळी व्हायची. सर तिचीच वही सगळ्यांना दाखवायचे. गणराजच्या अंगाचा नुसता तिळपापड.

जागेसाठी काम ठरलं ते असं: तारखेचा साधा क्लास, म्हणजे जावातला छोटा प्रोग्रॅम, घरून लिहून आणायचा. दिवस, महिना, वर्ष घ्यायचं, तारीख चुकीची असेल तर नाकारायची. गणराजने घाम गाळून प्रत्येक महिन्याचे दिवस वेगवेगळ्या ओळीत लिहिले. फेब्रुवारीने तर त्याचा अख्खा रविवार खाल्ला.

आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पूनमने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "दादा, एकडाव बघा की. तुमच्या नजरंतून काय सुटत न्हाई."

त्याने पाहिलं. काय नेटकं लिहिलं होतं बयेने! त्याच्या निम्म्या ओळींत. जीव जळला त्याचा. आणि मग दिसलं. कुठलाही महिना असो, दिवस आपले एक ते एकतीस. लाइनचं हजेरीचं मस्टर पूनमच भरायची. त्यात दर महिन्याला छापील एकतीस घरं असतात, एप्रिल आला की शेवटच्या घरावर ती लाल पेनाने काट मारायची. इथेही तिने सवयीने एकतीस घरं ठेवली होती. काट मारायला मात्र इथे कुणी नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"झक्कास आहे," गणराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर शेखरसाहेबांनी पूनमच्या प्रोग्रॅमला एकतीस एप्रिल दिली. त्याने ती निमूट घेतली. गणराजच्या प्रोग्रॅमने नाकारली. जागा गणराजला जाहीर झाली. तिचा उतरलेला चेहरा बघून त्याला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगा.

सुट्टी झाल्यावर पूनम गेटवर पेढ्याचा पुडा घेऊन उभी होती. तिने एक पेढा त्याच्या हातावर ठेवला, त्याने तो तोंडात टाकला.

"मला आता वाईट वाटत न्हाई, दादा. तुमालाबी दिसली न्हाई, म्हंजी चूक अवघडच आसणार. साहेबांनाबी मी तेच सांगितलं. म्हनलं, दादांनी काल सगळं तपासलं हुतं."

"मग? साहेब काय म्हणाले?"

"काय न्हाई. तुमचा प्रोग्रॅम परत उघडून एप्रिलची ओळ बघत बसलेत."

पेढा गणराजच्या तोंडातच राहिला. काही केल्या गिळवेना.