वालाच्या कोठीतली गोळी

नात मोरीत वाकून ओकत होती आणि घरात लसणीचा वास सुटला होता. चातुर्मास चालू होता. आमच्याकडे लसणीची एक पाकळी नव्हती. तिची पाठ चोळता चोळता माझ्या लक्षात आलं, वास मागच्या खोलीतून येतोय. तिथे गेले तर नवरा पलंगावर छाती धरून बसलेला.

"अहो, काय होतंय?"

"आधी खिडकी उघड."

पावसाची झड आत येते म्हणून त्यानंच ती लावली होती. दुपारी जेवून आजोबा आणि नात तिथेच झोपले होते, नात दाराच्या बाजूला. नवऱ्याच्या उशाशी वालाची पत्र्याची कोठी.

शेजाऱ्यानं रिक्षा आणली. "काकीजी, आप बस बैठो," म्हणत त्यानं दोघांना उचलून आत घातलं. नवऱ्यानं रिक्षातच सांगितलं.

"वालात गोळ्या ठेवल्यात. मानपूरहून आणलेल्या, किड्याच्या."

"कधी ठेवल्या?"

"सकाळी. तू बोंबलशील म्हणून बोललो नाही."

"बोंबललेच असते."

"तेच तर," म्हणून तो हसला आणि त्याला उलटी झाली.

वाल आम्हाला दरवर्षी पेणहून नणंद पाठवते. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हापासून ते मीच भरून ठेवते. कडक ऊन दाखवायचं. निरगुडीचा पाला सावलीत वाळवायचा. वालाचा थर, पाल्याचा थर, मध्ये वेखंडाचे तुकडे. त्या उग्र वासानं टोके, म्हणजे दाणे पोखरणारे किडे, लांब राहतात, पण अजिबात होत नाहीत असं नाही. पावसाळ्यात चाळावं लागतं, भोकं पडलेले दाणे वेचून टाकावे लागतात. नवऱ्याला ते टाकलेले दाणे खुपायचे. "तुझ्या पाल्याला किडे घाबरत नाहीत, मीच घाबरतो," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. लोक हसायचे.

त्या वर्षी सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली निरगुडी रस्त्यासाठी तोडली. मग मी नुसता कडुनिंब घातला. त्यानं भागलं नाही. पाऊस लागला आणि टोके वाल पोखरायला लागले. नवऱ्याला बिरडं जीव की प्राण. कुणाच्या तरी कामाला मानपूरला गेला, तिथून गोळ्या घेऊन आला. शेतकरी त्या बंद कोठारात ठेवतात, आणि तिथे कोणी झोपत नाही. दमट हवेत त्या गोळीचा विषारी वायू होतो, त्याला लसणीसारखा वास येतो, हे मला दवाखान्यात कळलं. नवऱ्याला ते कुणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "माँजी, इसका कोई तोड़ नहीं है. बच्ची को कम लगा है."

नवरा पूर्ण शुद्धीवर होता. हात बर्फासारखे गार पडले होते.

"पोरगी?"

"पाणी मागतेय. डॉक्टर देत नाहीत म्हणून रुसलीय."

"रुसू दे," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "कोठीला तू हात लावू नकोस."

दिवेलागणीला तो गेला. तोपर्यंत मुलगा आणि सून ऑफिसातून थेट दवाखान्यात पोचले होते. पण त्याची शुद्ध आधीच हरपली होती, मुलाला वडिलांशी बोलता आलं नाही.

जाणत्या माणसाला बोलावून मुलानं कोठी बाहेर काढली, वाल लांब नेऊन पुरले. टोके सगळे मेले होते म्हणे.

नणंद अजून वाल पाठवते. मी गच्चीवर पिंपात निरगुडी लावली आहे. पाला वाळवते, वेखंड घालते. पावसाळ्यात थोडे टोके होतातच. नात आता मोठी झाली आहे, परात घेऊन निवडायला बसते. किडका दाणा दिसला की टाकते. तिला फारसं आठवत नाही, मीही सांगत बसत नाही.

त्या दुपारी घरात आम्ही तिघं होतो. नात वाचली. मी पुढच्या खोलीत वाती वळत बसले होते, मला काही झालं नाही.