पेपरात छापून आलेला कप

मित्रांनो, आज सकाळी पेपरात माझ्या रॅपची बातमी आली. अभिनंदनाचे मेसेज थांबवा, प्लीज.

आधीच्या चार गाण्यांच्या प्रेस नोट मीच लिहून पाठवल्या होत्या. कुणी साधं उत्तरही दिलं नाही. या वेळी एक पत्रकार म्हणाले, "गाणं ठीक आहे रे, पण बातमीला स्टोरी पाहिजे."

मग मी प्रेस नोटमध्ये लिहिलं, की आई ज्या बंगल्यात स्वयंपाक करते तिथे तिच्या चहाचा कप वेगळा असतो. कान तुटलेला, मागच्या खिडकीत ठेवलेला. तिला न विचारता लिहिलं. त्याचंच हेडिंग झालं.

शेजारच्या काकूंनी ते कौतुकाने सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. त्याच गल्लीत आई इतकी वर्षं सांगत आलीय, "मला घरच्यासारखं वागवतात."

आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "लहानपणी माझ्याबरोबर यायचास, तेव्हाच पाहिलास का रे?"

मी मान हलवली.

"मला वाटायचं, तुला दिसला नाही."

मग ती नेहमीसारखी कामावर गेली. त्या बंगल्यातही हाच पेपर येतो. ती परत आली की मी तिच्याशी काय बोलू, सांगा.