मामांचं न थांबता चालणं

माझ्या मामेसासऱ्यांइतकं सावकाश अख्ख्या बेंगळुरूत काहीच चालत नाही. इथली रहदारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे विधान किती धाडसाचं आहे ते कळेल. शिवाजीनगरात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. बस स्टॉपपासून अगदी हाकेच्या अंतरावर. पण मामा तिथे पोहोचेपर्यंत शेजारचे दुकानदार दुसऱ्या चहाला लागलेले असत. कारण मामांना कुणालाही ओलांडून पुढे जाताच येत नसे. फुलवाली दिसली की थांबले. "काय अक्का, ऊटा आयता?" जेवलीस का, हे सकाळी नाश्त्याच्या वेळी! पंक्चरवाल्याची चौकशी तर त्याच्या मेव्हण्याच्या सोयरिकीपर्यंत जाई. एकदा मी घाई केली, तर म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पुण्याचे. ओळखीचं माणूस दिसलं की रस्ता बदलता. आम्ही स्वल्प थांबतो."

मग मामांच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. दुकानामागे उभं राहून ओढलेल्या सिगारेटींनी फुप्फुसं आधीच जुन्या चाळणीसारखी झालेली. सर्जनबाई स्पष्ट बोलल्या, "गाठीबरोबर फुप्फुसाचा भागही काढावा लागेल. उरलेल्यावर यांचं भागेल का, ते आधी चालवून बघू." कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. मामा निघाले आणि झाडूवाल्या अक्काशी थांबले. मग वॉर्डबॉयशी. मग कुणा परक्या पेशंटच्या व्याह्यांशी. घड्याळ चालू, मामा उभे.

"एवढ्याशा चालण्यावर मी ऑपरेशन करणार नाही," बाई म्हणाल्या.

मी मध्ये पडलो, "डॉक्टर, ते जरा बोलघेवडे आहेत, म्हणून..."

"कसले बोलघेवडे!" मामी कडाडल्या. "दम लागतो म्हणून थांबतात, आणि थांबले की गप्पा काढतात. कितीतरी वर्षं बघतेय मी!"

मामा आग विझवण्याची भिंतीवरची सूचना मन लावून वाचू लागले.

बाईंनी काही आठवड्यांची मुदत दिली. सिगारेट बंद, औषधाचा पंप सुरू, गच्चीवर मामींच्या देखरेखीखाली फेऱ्या. श्वास ओढून गोळे वर उचलायचं एक प्लास्टिकचं यंत्र मिळालं होतं. मामा त्याची करामत गिऱ्हाइकांना दाखवत बसत आणि कळशी विकायची राहून जाई. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मामी आधी जाऊन सगळ्या कॉरिडॉरला बजावून आल्या, "हे आले की भिंतीकडे तोंड करायचं." मामा निघाले ते नुसत्या पाठींमधून. "अक्का..." त्यांनी कळवळून हाक मारली. अक्कानं भिंत सोडली नाही. मामा लालबुंद होऊन, धापा टाकत, पण चालत राहिले. अंतर बघून बाईंनी मान डोलावली तेव्हा मामी भर कॉरिडॉरमध्ये रडल्या.

ऑपरेशन पार पडलं. मामा हिंडूफिरू लागल्यावर एका सकाळी मी त्यांना दुकानापर्यंत सोडायला गेलो. निम्म्या वाटेत त्यांनी माझा दंड धरला आणि थांबले. कोण भेटलं म्हणून मी सवयीनं इकडेतिकडे बघितलं.

"कोणी नाही हो," मामा हळूच म्हणाले. "दम लागलाय."

मागे एक रिक्षावाला सारखा हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं आणि मामांचा श्वास जागेवर येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.