मुक्कामी विमान

नागोरावकाका उभ्या आयुष्यात विमानात बसलेले नाहीत. तरी तेलंगणातल्या आमच्या इचोड्यात कुणाला विमानानं जायचं असलं की तो आधी त्यांना विचारतो आणि मग माझ्याकडे येतो. माझं तिकिटांचं आणि झेरॉक्सचं दुकान त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे, आणि दाराशीच त्यांची खुर्ची असते. मी संगणकावर गिऱ्हाइकासाठी स्वस्तातलं तिकीट शोधून ठेवावं आणि काकांनी बाहेरून "ते नको, सुरेंद्र" म्हणावं, असं सव्वा वर्ष चाललंय. दुकान माझं, कंट्रोल त्यांचा. मला याचा राग यायचा. अजूनही थोडा येतो.

कंट्रोल हा शब्द मी उगाच वापरला नाही. काका बावीस वर्षं बसचे कंडक्टर होते आणि पुढे निवृत्त होईपर्यंत बसस्टँडवरचे कंट्रोलर. खिडकीत बसून कोणती गाडी कधी आली, कधी सुटली, किती उशीर झाला आणि का झाला, हे रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. कारणाचा रकाना ते कधी कोरा सोडत नसत. पंक्चर, नाल्याला पाणी, ड्रायव्हरला ताप, काही ना काही लिहीतच. नोकरी संपली, पण रजिस्टर सुटलं नाही. आता त्यात विमानं असतात.

नागपूर-पुणे मार्गावर त्यांच्या हिशेबानं तीन कंपन्या. त्यांची इंग्रजी नावं काकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. आमच्याकडे गावोगाव थांबत जाणाऱ्या साध्या बसला पल्लेवेलुगू म्हणतात. जी कंपनी जास्तीच्या पिशवीसाठी दारात अडवते, ती काकांची पल्लेवेलुगू. जी खायला देते ती सुपर लक्झरी. आणि दिवसातून जास्त खेपा असलेली ती एक्स्प्रेस. "एक कॅन्सल झाली तं मांगून दुसरी पायजे," असं ते म्हणत. गिऱ्हाइकंही आता तसंच बोलतात. परवा एका कापसाच्या व्यापाऱ्यानं मला गंभीरपणे विचारलं, "पल्लेवेलुगूत खिडकी भेटते का?"

पण काकांचा खरा नियम वेगळाच होता. ते म्हणत, "इमान म्हंजे काई पाखरू नाई. गाडीच हाय ते. दिवसाच्या पाच-सा खेपा मारते. सकाळी धा मिंट लेट झाली, तं सांजच्याले दीड घंटा लेट. म्हनून मुक्कामी गाडी धरावं."

मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावातच राहून पहाटे तिथूनच सुटणारी बस. तिला कुठून यायचंच नसतं, मग उशीर कशाचा? हाच नियम काकांनी विमानाला लावला. फोनवर विमानांचा नकाशा बघून, कोणतं विमान रात्री नागपुरात राहतं हे ते शोधून काढत, आणि त्याचंच पहिलं उड्डाण घ्यायला लावत. मी सुरुवातीला हसलो होतो. पण त्यांचं रजिस्टर चाळलं आणि गप्प बसलो. मुक्कामी विमानाला क्वचितच उशीर झाला होता.

हा सगळा खटाटोप गावासाठी नव्हताच. तो होता दीपमालासाठी.

दीपमाला त्यांची एकुलती एक मुलगी. काकांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले, काकांनी खाकी घातली, आणि दीपमाला शिक्षक भरतीची परीक्षा पास होऊन सरकारी मास्तरीण झाली. बाजारहत्नूर मंडलातल्या मराठी शाळेवर तिची नेमणूक झाली, त्या दिवशी काकांनी बुद्धविहारात खीर वाटली आणि पातेल्यापाशी स्वतः उभे राहिले. अडचण एवढीच होती की तोवर ती लग्न होऊन पुण्यात राहत होती. नवरा वैभव तिथं कारखान्यात. मुलगी मैत्री तेव्हा पाच वर्षांची, तिची शाळा तिथं, सांभाळायला आजी तिथं. नोकरी तेलंगणाची, त्यामुळे पुण्याला बदली होणं शक्यच नव्हतं. मग दीपमाला आईवडिलांकडे इचोड्यात राहू लागली आणि महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊ लागली.

तिचं जाणं असं. शनिवारी शाळा सुटली की इथून नागपूरची बस, पाच तास. रात्र विमानतळावरच्या खुर्चीत. रविवारी पहाटे मुक्कामी विमान, आठच्या आत पुण्यात. संध्याकाळी साडेसहाची एक्स्प्रेस, नागपूरहून रात्रीची बस, आणि सोमवारी साडेनऊला शाळेच्या प्रार्थनेला हजर. दुसऱ्या शनिवारी सुटी असायची, पण नेमकं त्या दिवशी एखादं ट्रेनिंग नाहीतर सर्व्हे मास्तरांच्या गळ्यात पडायचा. सव्वा वर्षात दीपमालाला शाळेत एकदाही उशीर झाला नाही. काका हे असं सांगत, जणू विमान तेच चालवत होते.

वैभवनं मात्र दोनदा फोनवर म्हटलं होतं, "काहीतरी ठरवायला पाहिजे." नोकरी ठेवायची की सोडायची, असा त्याचा अर्थ. काका तेवढं ऐकून न ऐकल्यासारखं करत. विमान वेळेवर असलं की काही ठरवावं लागत नाही, असं त्यांचं गणित होतं. मला ते पटायचं नाही, पण मी बोललो नाही. भाडेकरूनं किती बोलावं?

मग दिवाळीनंतर एक्स्प्रेसनं वेळापत्रक बदललं. संध्याकाळची खेप पावणेचारवर आली. उरली पल्लेवेलुगू, पावणेसातची, आणि रजिस्टर सांगत होतं की ती तिची दिवसाची शेवटची खेप. दर तीनातून दोनदा तासाहून जास्त उशीर. म्हणजे नागपूरहून सुटणारी रात्रीची बस चुकणार आणि सोमवारची शाळा बुडणार. सुपर लक्झरी तर रविवारी संध्याकाळी नव्हतीच.

काकांनी बुधवारी दुपारी रजिस्टर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. बयनाबाई, दीपमालाची आई, आतल्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"पावनेचारची लाव," काका म्हणाले. "पक्की हाय."

मी म्हटलं, "काका, मग दीपमालाला घरून दीडलाच निघावं लागेल. आठला पोचायचं आणि दीडला निघायचं?"

"पाच घंटे तं भेटतेत लेकरापाशी."

मी तिकीट काढणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुण्याहून आजीनं लावून दिला होता, मैत्री बोलत होती. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला सगळं कळतं. माझा इलाज नाही.

"आबा, आई रविवारी येणार ना?"

"येनार, माय. पक्कं तिकीट काढून राह्यलो."

"मुक्कामी विमान आहे?"

काकांचा चेहरा खुलला. नातीनं त्यांचा शब्द उचलला होता. "मुक्कामीच. एकदम मुक्कामी."

"मग मी आईची उशी काढून ठेवते."

काकांना कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. मैत्रीच पुढे म्हणाली, "बाईंनी सांगितलं, मुक्काम म्हणजे रात्री राहणं. आई रात्री राहणार ना?"

काका घसा साफ करून म्हणाले, "तसं नाई, माय. इमान मुक्कामी असते. नागपुरात राह्यते ते, रात्री. आईची तं सोमवारी शाळा असते ना."

मग मैत्री म्हणाली, "म्हणजे विमान राहतं, आई राहत नाही." ती रडली नाही, हट्टही केला नाही. एवढं बोलून तिनं फोन आजीला दिला. आजी हळू आवाजात म्हणाली की गेल्या दोन खेपांना पोरगी आई आली तरी दारात गेली नव्हती. आई संध्याकाळी जातेच ना, म्हणाली होती.

फोन ठेवल्यावर काका रजिस्टराकडे बघत बसले. मी विचारलं, "लावू का पावणेचारची?"

उत्तर आलं आतल्या दारातून. बयनाबाई कमी बोलतात. सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या, "बावीस वर्सं तुमची गाडी मुक्कामी होती."

"मंग? ड्युटीच होती ते."

"होती ना. मी कुठी नाई म्हनून राह्यली? उटनूरले मुक्काम, जैनथले मुक्काम, नाईतं आनखी कोनत्या गावाले. दीपा विचारे, बाबा काऊन नाई आले? मी म्हनो, गाडी मुक्कामी हाय. तिले वाटे, मुक्कामी म्हंजे जो घरी येत नाई तो." त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "शाळेत बाईनं विचारलं, वडील काय करतेत. पोरीनं सांगितलं, मुक्कामी हायेत. सगळे हासले. तुमाले कोनं सांगितलं नाई. तुमी मुक्कामी होते."

मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण दारात बयनाबाई आणि समोर काका, जाणार कुठून? काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी त्यांना रागावताना पाहिलंय, लोकांना झापताना पाहिलंय. असे बसलेले कधी पाहिले नव्हते, आणि मला खरंच वाईट वाटलं.

मग ते म्हणाले, "सुरेंद्र, पुण्यात कोनतं इमान मुक्कामी असते?"

मी शोधलं. पल्लेवेलुगूचं एक विमान रात्री पुण्यात राहत होतं. सोमवारी पहाटे साडेपाचला सुटून सातला नागपूर.

"तिथून बस धरली तं इचोड्याले एकच्या आत," काका बोटांवर तास मोजत म्हणाले. "दुपारची शाळा सापडते. रविवारचं परत येनं रद्द. हे लाव."

"अर्धी रजा पडेल, काका. दर वेळी. आणि तुम्हीच म्हणता, ड्युटीला उशीर म्हणजे..."

"मी काय म्हनतो ते मले ठाऊक हाय. लाव."

संध्याकाळी शाळेतून आलेली दीपमाला माझ्या दुकानातच त्यांच्याशी भांडली. "बाबा, हेडसर काय म्हणतील? किरकोळ रजा किती दिवस पुरतील?" काका म्हणाले, "पुरतील तवर पुरतील. मंग पाहू." जन्मभर वेळेचा रकाना भरणाऱ्या माणसानं "मंग पाहू" म्हटलेलं ऐकून ती भांडणच विसरली.

सोमवारी विमान चार मिनिटं आधीच उतरलं. काका बारा वाजल्यापासून रस्त्यावर स्कूटर घेऊन उभे होते, तिला बाजारहत्नूरच्या शाळेत सोडायला. बस आली, एकला पाच कमी. दीपमाला उतरली. डोळे तांबारलेले, केस कसेतरी बांधलेले. मी दुकानाच्या पायरीवर होतो.

"झोपली नाई का, माय?" काकांनी विचारलं.

"मैत्री झोपू देईल तर ना." ती हसली. "तीनदा उठली रात्रीतून. दिवा लावायची, मी आहे का बघायची, आणि पुन्हा झोपायची."

काकांनी स्कूटरची किल्ली फिरवली, पण गाडी चालू केली नाही. रस्त्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "तू बी उठायची का? लहानपनी?"

दीपमालानं पिशवी खांद्यावर सारखी केली. "उठायची ना, बाबा. तुम्ही घरी असायचे त्या रात्री."

ती मागे बसली. काकांनी गाडी काढली, आणि दुपारच्या घंटेला वीस मिनिटं उरली असताना बाजारहत्नूरचा रस्ता त्यांनी इतक्या सावकाश धरला की मागून आलेला कापसानं भरलेला ट्रॅक्टरही त्यांच्या पुढे गेला.