नो-गोची बाजू

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, त्यात लाजायचं काय? पदवी मिळाली त्या दिवशी विहारातल्या बाया पातेलंभर खीर घेऊन आल्या होत्या. तेव्हा आई होती. पुढं मी जबलपुरातल्या आमच्याच घराच्या वरच्या खोलीत बसून बंगलोरच्या एका कंपनीचं काम करू लागले, तोवर घरात बाबा आणि मी एवढेच उरलो होतो.

मी काय करते ते शेजारच्या भाभींना शेवटपर्यंत कळलं नाही. "दीदी दिन भर कमरे में करती क्या है?" असं त्या बाबांना विचारायच्या. सांगण्यासारखं होतं ते इतकंच. मोठ्या सर्व्हरच्या आत एक छोटा कंट्रोलर असतो. सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो. दुरून सांगितलं की सर्व्हर चालू करतो, बंद करतो, आत किती तापलंय ते कळवतो. या कंट्रोलरची तपासणी माणसं नाही, प्रोग्राम करतात. त्या तपासण्यांना पुन्हा पुन्हा लागणारी बारीक कामं मी एकदाच नीट लिहून ठेवायची आणि बाकीच्यांनी ती नुसती वापरायची. त्यांना हेल्पर फंक्शन म्हणतात.

"एवढी शिकली, अन् हेल्परच झाली?" बाबा म्हणाले होते. फॅक्टरीत हेल्पर म्हणजे सगळ्यात खालचा माणूस. ते हसले, मीही हसले. त्या महिन्यात आमच्या घरात झालेलं हसू बहुतेक तेवढंच.

टीममधल्या कुणाचा चेहरा मी नीट पाहिला नव्हता. मीटिंगमध्ये सगळे कॅमेरे बंद ठेवायचे. नावाच्या पहिल्या अक्षराचे रंगीत गोळे बोलायचे, तेही इंग्रजीत. गल्लीत हिंदी. मराठी फक्त बाबांपुरती, आणि बाबा मुळातच कमी बोलणारे. काही दिवस तर माझ्या तोंडून चार-पाचच मराठी वाक्यं निघायची, त्यातली दोन वरणाबद्दल.

माझं सगळ्यात गाजलेलं हेल्पर होतं 'सर्व्हर चालू होईपर्यंत थांब'. पूर्वी तपासण्या इथंच ताटकळायच्या आणि मधेच फसायच्या. मी ते नव्यानं लिहिलं. थांबणं जवळपास संपलं, पडद्यावरच्या नापासाच्या लाल ओळी हिरव्या झाल्या. टीमच्या प्रमुखानं सगळ्यांसमोर कौतुक केलं. पुढच्या महिन्यात मला परमनंट करायचं की नाही ते ठरणार होतं. रविवारी नर्मदेवर तिलवारा घाटाला जाताना स्कूटरवर मागं बसलेले बाबा दर वेळी तेवढंच विचारायचे, "झाली का परमनंट?"

एकदा दुपारच्या चहाला मी त्यांना हे सगळं फुशारकीनं सांगितलं. बाबांनी जन्मभर फॅक्टरीत तयार पीस तपासले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"अच्छा. अन् नो-गो?"

"म्हणजे?"

"भोक मापाच्या गेजले दोन बाजू रायतात, एक गो, एक नो-गो. गोची बाजू भोकात गेली पायजे. नो-गोची गेली नाही पायजे. गेली, तर भोक मोठं हाय, पीस बाद. दोन्ही पाहिल्याबिगर मी ठप्पा मारत नव्हतो. तुह्या हेल्परले खराब पीस देऊन पाहिला का?"

"बाबा, हे लोखंड नाही."

"काहून, तुमच्याकडे खराब निघतच नाही का?"

मी रागानंच वर गेले. त्यांना खोटं पाडायचं म्हणून बंगलोरच्या लॅबमधल्या सहकाऱ्याला एका सर्व्हरची मेमरी काढून ठेवायला सांगितलं. मेमरीशिवाय सर्व्हर सुरू होऊच शकत नाही. मग माझं हेल्पर चालवलं. उत्तर आलं, 'सर्व्हर चालू'. पुन्हा चालवलं. पुन्हा 'चालू'.

कंट्रोलर सर्व्हरला वीज देतो आणि लगेच कळवतो, वीज दिली. तेवढ्यालाच मी सर्व्हर चालू झाला असं धरलं होतं. वाचवलेला वेळ म्हणजे न केलेली तपासणी. पुढच्या तपासण्याही फक्त कंट्रोलरशीच बोलायच्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इतके महिने आमचं सगळं हिरवं अर्ध्या मापाचं होतं.

कुणालाच माहीत नव्हतं. निर्णय होईपर्यंत गप्प राहून नंतर हळूच दुरुस्त करता आलं असतं. खाली गेले तर बाबा मेथी निवडत होते. त्यांच्या ठप्प्यावर त्यांचा नंबर होता. रिटायर होताना परत करायचा म्हणून आदल्या दिवशी त्यांनी तो ठप्पा फडक्यानं पुसलेला मला आठवला. माझ्या हेल्परच्या पहिल्या ओळीत माझं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं लिहून टीमला पाठवलं. आता कुणीतरी ओरडेल म्हणून फोन समोर ठेवून बसले. तासाभरानं चॅटवर एक अंगठा आला. मग प्रमुखाची एक ओळ, 'थँक्स, दुरुस्त कर.' मी दुरुस्त केलं, आणि मेमरी काढलेल्या सर्व्हरवर हेल्पर 'नाही' म्हणतं का तेही कायमचं तपासणीत घातलं. आता खरंच थांबावं लागत असल्यानं बऱ्याच ओळी पुन्हा लाल झाल्या. महिन्यानं तीन वाक्यांची मेल आली: परमनंटचा निर्णय सहा महिने पुढं.

जेवताना बाबांना सांगितलं.

"कोणी काही बोललं?"

"नाही."

"कोणीच?"

"अंगठा दाखवला."

त्यांना कळलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "मी एकदा पीसचा अख्खा लॉट अडवला होता. पंधरा दिवस फॅक्टरीच्या शॉपमधलं कोणी माह्याशी बोललं नाही. डबा एकटाच खाल्ला."

"आईला माहीत होतं?"

"काय सांगाचं तिले." त्यांनी माझ्या ताटात एक पोळी टाकली. "आता लावला ना नो-गो?"

"लावला."

"मंग जेव."

जेवून मी वर गेले. मीटिंग सुरू झाली होती, रंगीत गोळे दुसऱ्याच कुठल्या कामाबद्दल बोलत होते. मी माझा कॅमेरा चालू केला आणि कुणी काही विचारेल म्हणून थांबले. कुणी विचारलं नाही, पण मीटिंग संपेपर्यंत माझा कॅमेरा तसाच चालू होता.