गिरीच्या वाटणीचं

डोळा लागतो तेव्हा हेमांगीच्या पायांत बूट आहेत. हे मी आधीच सांगून ठेवते, उगाच मागाहून वाद नको. चाकांचे पांढरे बूट, नाड्या करकचून आवळलेल्या आणि वर अशी गाठ की सोडवायची तर दात लावावे लागतात. खोलीला आतून कडीही तिनंच घातली आहे.

दुपारची वेळ. बाहेर स्टेडियमवर कलात्मक स्केटिंगची राष्ट्रीय स्पर्धा चालू आहे आणि यंदाही हीच बाई जिंकणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. ती मात्र दमली आहे. साधंसुधं दमणं नव्हे, हाडांत मुरलेलं. घोट्यात इंजेक्शन, गुडघ्याला पट्टा, आणि समोरच्या पोरी तिला तोंडावर काकू म्हणतात. तिला थांबायचंय, पण थांबता येत नाही. "जरा डोळे मिटते," असं स्वतःलाच सांगून ती बाकावर बसल्या बसल्या भिंतीला टेकते, आणि पंख्याची घरघर लांब लांब जायला लागते.

"सरक की जरा," शेजारून कुणीतरी म्हणतं.

गिरीदादा. तिचा थोरला भाऊ आणि खेळातला जोडीदार. तो डावीकडं, ती उजवीकडं, तिचा डावा हात त्याच्या मुठीत, असे दोघं बेळगावातून निघून देशभर खेळले. मग काविळीचं निमित्त झालं आणि चांगला धडधाकट माणूस बघता बघता गेला. आता ती त्याच्यापेक्षा वयानं मोठी आहे.

"काय गं ही दशा, हेमे? थेट आत्यासारखी दिसायला लागलीस."

"आल्या आल्या सुरू झालास?"

"मग काय, ओवाळू?"

ती हसते. बसायला बाक होता, आता खाली सिमेंट आहे. भातगिरणीचं वाळवणाचं पटांगण. दोघं इथंच शिकली. वाळलेलं भात पोत्यांत गेलं की मालक खेळू द्यायचा, पण आधी झाडून घ्यावं लागे, कारण चाकाखाली एक दाणा आला तरी माणूस तोंडावर आपटायचा. हेमांगीच्या हातात खराटा आहे. ती लोटत पुढं जाते, वळून बघते तर मागं पुन्हा दाणेच दाणे. कडेला परीक्षक पोत्यांवर बसून गुण लिहीत आहेत.

"ठेव तो खराटा," गिरी म्हणतो.

"ठेवू कसा? तूच म्हणालास ना हॉस्पिटलात, माझ्या वाटणीचं जिंक म्हणून! मग जिंकतेय ना! वर्षानुवर्षं जिंकतेय! अंगात त्राण उरलं नाही रे, दादा."

"एकदा जिंक म्हणालो होतो, खुळे. दरसाल कुठं म्हणालो?"

तिला ठाऊक आहे की हो. त्याचा शब्दन् शब्द आठवतो. पण आपण थांबलो तर दादा खरोखरचा गेला असं होईल, या एका भीतीपायी ती दरसाल पायांत बूट चढवत आली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्यालाही आत्ताच सांगते.

"आणि एकटी खेळतेस तर धड एकटी तरी खेळ," तो म्हणतो. "अजून डावा हात बाजूला ताणून धरतेस. माझ्यापुरती जागा सोडतेस."

"तू असतोस तिथं."

"नसतो गं."

तो हे इतक्या मायेनं म्हणतो की तिला रडू फुटतं. "मी कधीच नव्हतो तिथं, हेमे. ते सगळं तू एकटीनं जिंकलंस."

पटांगणावर आता स्टेडियमचे दिवे लागले आहेत. गिरी तिच्या पायाशी उकिडवा बसतो, पूर्वी प्रत्येक खेळाआधी बसायचा तसा. तिच्या नाड्या तोच बांधायचा. खेळ संपला की तोच सोडायचा, आणि बुटाला दोन वेढे देऊन टोकं आत खोचायचा. दोघांना शिकवणारे पाटणेकर सर ओरडायचे, नाड्या खराब होतात रे! हा आपला खोचून मोकळा व्हायचा आणि म्हणायचा, "चला, आता जेवू."

"घट्ट बांध," हेमांगी डोळे पुसत म्हणते.

त्याची बोटं घोट्याशी हलतात आणि दुखरा घोटा सैल होत जातो.

"मी थांबले तर तू परत येशील का?"

"जेवून घे आधी," गिरी म्हणतो.

दारावर थापा पडत आहेत. "हेमांगी! अगं, तुझं नाव पुकारलंय! दार उघड!"

ती दचकून उठते आणि तळव्यांना गार फरशी लागते. पाय उघडे. बूट बाकाखाली शेजारी शेजारी ठेवलेले, नाड्यांचे दोन दोन वेढे, टोकं आत खोचलेली. कडी घातलेलीच आहे.

ती बूट उचलते, कडी काढते. दारात पाटणेकर सर घामाघूम.

"अनवाणी काय उभी आहेस? आण ते इकडं. आणि किती वेळा सांगितलं, अशानं नाड्या खरा..."

सरांचं वाक्य तोंडातच राहतं. ते बुटांकडे बघतात, मग तिच्याकडे, मग तिच्या मागं रिकाम्या खोलीकडे. बाहेर तिचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं जातं.

"नाव मागं घेऊ?" सर हळूच विचारतात.

"घ्या, सर," ती म्हणते. तिचा डावा हात अंगालगत सरळ खाली आहे. "मला फार भूक लागलीय."