सुनंदाताईंचं प्रथिन

फोन आला तेव्हा मी कुपवाडच्या आमच्या प्रयोगशाळेत हातमोजे चढवत होते. पलीकडून सुनंदाताईंची मुलगी प्रणाली, आईसाठी साताऱ्याहून कॉलेज सोडून आलेली. "मावशी, आई गेली…" एवढंच म्हणाली. मी हातमोज्यांसकटच जिना उतरले. त्याला आता दीड महिना झाला, पण लिहायला बसलं की दुःखाच्या आधी भीतीच वर येते. शेवटची तीन वर्षं आम्ही दोघींनी भीतीतच काढली होती.

आमचं काम असं : जीवाणूंमध्ये माणसाचा एक जनुक सोडायचा, त्यांना ऊब आणि खाणं देऊन वाढवायचं, मग ते फोडून त्यांनी तयार केलेलं माणसाचं प्रथिन वेगळं काढायचं. ते संशोधकांना लागतं. दिसायला निव्वळ पाणी. सुनंदाताई मूळच्या कुंडलच्या, फौजीची लेक. मला सगळं त्यांनीच शिकवलं. "आच कमी ठेव गं. घाई केलीस की प्रथिनाची घडी नीट बसत नाही, गुठळी होते," म्हणायच्या. एकदा ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाची मागणी आली. कागद वाचून ताई स्टुलावर बसल्याच. हेच नाव त्यांच्या थोरल्या भावाच्या दवाखान्याच्या फायलीत होतं. त्यांच्या घराण्यात हे प्रथिन सदोष तयार व्हायचं. त्याच्या गुठळ्या नसांत, हृदयात साचायच्या. आधी तळपाय बधिर होत. वडील त्यातच गेले होते, पण तेव्हा त्या दुखण्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. "ताई, तुम्ही रक्त तपासून घ्या," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आधी ही बॅच काढू."

भावाला कुणीतरी सांगितलं, की बहीण तेच प्रथिन बनवते. एका दुपारी तो मित्राच्या गाडीवर मागं बसून कुपवाडला आला. तोही फौजेतून निवृत्त झालेला, पण काठीशिवाय उभं राहवत नव्हतं. फाटकापाशीच म्हणाला, "सुनंदे, तुज्याकडंच तयार हुतंय न्हवं? मग दे की एक बाटली."

"दादा, ते औषध न्हाई. निसतं प्रयोगाला लागतंय."

"माणसाचंच हाय म्हनतीस, आन् माणसाला चालत न्हाई?"

ताईंनी परोपरीनं समजावलं. जीवाणूंचं विष त्यात राहिलेलं असतं, टोचलं तर जीव जाईल, आणि तुझं दुखणंही त्यानं बरं होणार नाही. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "भ्या वाटतंय गं मला, लय…" आणि गाडीवर बसला. त्या दिवशी ताईंनी डबा उघडला नाही.

पाच महिन्यांनी तो गेला. दहाव्याला एक चुलती सगळ्यांसमोर म्हणाली, "भनीकडं औषध हुतं, पन दिलं न्हाई."  नंतर ताई मला म्हणाल्या, "तिला काय समजावू? मलाच आता झोपेत दादा बाटली मागतो."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या माझ्यापुढं जिना चढत होत्या. डाव्या पायातली चप्पल तिसऱ्या पायरीवर निघाली आणि त्या तशाच वर गेल्या. त्यांना कळलंच नाही. मी चप्पल उचलून दिली. त्यांनी आधी चप्पल पाहिली, मग मला. "प्रणालीला सांगू नकोस," म्हणाल्या. मी नाही सांगितलं. तपासणीचा विषयही पुन्हा काढला नाही, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. आठ महिने गेले. मग एक दिवस त्या कामावरच चक्कर येऊन पडल्या आणि सगळं उघड झालं. डॉक्टर म्हणाले, आता औषधं निघाली आहेत, पण ती लवकर सुरू करावी लागतात. गुठळ्या साचून हृदय फार जाड झालंय. ते आठ महिने मी कुणाच्या नावावर टाकू?

गेल्या आठवड्यात प्रणाली ताईंचा कोट न्यायला आली. "आई काय बनवायची ते दाखवा ना," म्हणाली. मी तिला फ्रीजरपाशी नेलं. दारावर ताईंच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे : "हे औषध नाही." तिनं विचारलं, "हे कुणासाठी? इथं तर सगळ्यांना माहीतच असेल." मी खरं ते सांगितलं. पाय बधिर व्हायला लागल्यावर ताईंनी तो स्वतःसाठी लावला होता. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "मला सगळं कळतं गं, तरी एकटी असले की हात दाराकडं जातो."

प्रणालीनं तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "मावशी, मीही रक्त तपासायला दिलंय. सोमवारी रिपोर्ट आहे. याल माझ्याबरोबर?"

"येईन," मी म्हटलं.  तिनं मला आतली प्रथिनाची एक नळी बाहेर काढायला लावली, उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. मी दार लावलं. कागदाचा एक कोपरा गारव्यानं सुटला होता, तो तिनंच अंगठ्यानं दाबून बसवला.